जुना राउटर : दोष कोठे आणि खर्च कशावर ?

श्रोतेहो, घरातील एखादे माणूस ‘बरे वाटत नाही’ असे म्हणाले, तर तेवढ्या शब्दांवरून आपण त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजवीत नाही. ताप आहे काय, खाल्ले काय, झोप लागली काय, याची आधी विचारपूस होते आणि मग औषध ठरते. परंतु घरातील इंटरनेटच्या बाबतीत आपली ही सावध वृत्ती कोठे लुप्त होते, न कळे. चित्र अडकले, आवाज तुटला, की ‘राउटर जुना झाला’ असा निवाडा देऊन आपण बाजाराची वाट धरतो. नवी पेटी येते, दोन-अडीच हजार रुपये जातात, आणि पुष्कळदा चौथ्या दिवशी तोच आवाज पुन्हा तुटू लागतो.

‘इंटरनेट नीट चालत नाही’ हे रोगाचे नाव नव्हे. ते केवळ लक्षण होय. हे लक्षण चार ठिकाणी उद्भवते : बाहेरून येणारी वाहिनी, राउटरला मिळणारी वीज, राउटरची पेटी, आणि त्या पेटीपासून आपल्या हातातील यंत्रापर्यंतची घरातली हवा. ही चार ठिकाणे क्रमाने तपासली, तर टाकून देण्यास निघालेले कित्येक राउटर निर्दोष ठरतात. उलटपक्षी, जे खरोखरीच सेवानिवृत्त व्हावयास हवेत, ते मात्र ‘चालतो आहे ना’ एवढ्या समाधानावर आपण वर्षानुवर्षे ठेवून घेतो. चांगला टाकावा आणि धोक्याचा राखावा, असा हा उफराटा व्यवहार आहे. तो सुलट कसा करावा, हे आज पाहावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी मी शहापूरचे एक कल्पित घर आपल्या डोळ्यांपुढे ठेवतो. हे शहापूर ठाणे जिल्ह्यातील नव्हे. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, जवाहरनगरच्या आयुध कारखान्याजवळचे, भंडारा जिल्ह्यातील शहापूर. घरात वडीलधारी दोन माणसे आहेत; मुलगा पुण्यास आणि मुलगी नागपुरास. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला २०१४ पासून घरबसल्या देता येऊ लागला, डॉक्टरांशी पडद्यावर बोलता येऊ लागले, आणि नातवंडांचे मुखदर्शन तर रोजचेच झाले. अशा घरात इंटरनेट बंद पडणे म्हणजे केवळ करमणूक खुंटणे नव्हे. कारागीर यावयास शहरात एखादा तास लागत असेल, तर लहान गावात दोन दिवसही लागू शकतात. आणि मुलाने पुण्याहून फोनवर ‘दिवा कोणत्या रंगाचा आहे?’ असे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला प्रश्नाचा अर्थ तरी कळावयास हवा. शहापूरच्या घरास जे लागू, ते दादरच्या किंवा सदाशिव पेठेतील घरासही लागू आहेच.

प्रथम हे यंत्र करते तरी काय, ते पाहू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा घरात टेलिफोनची तार, तिला मोडेम आणि मोडेमला एकच संगणक, एवढाच संसार असे. आज एका घरात दहा-बारा यंत्रे सहज असतात. जुन्या वाड्यात बारा बिऱ्हाडे असत, पण टपाल खात्याच्या लेखी पत्ता एकच असे. दारातला दक्ष कारभारी कोणाचे पत्र कोणत्या खोलीत द्यावयाचे, हे आपल्या वहीत पाहून ठरवी. राउटर हा तसा कारभारी आहे. बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच पत्ता ठाऊक असतो; आतील कोणत्या यंत्राने काय मागितले, याची नोंद राउटर ठेवतो आणि आलेले उत्तर बरोबर त्याच यंत्राकडे पोहोचवितो. जुन्या राउटरची ही वही, म्हणजे स्मरणशक्ती, लहान असते. ती भरून आली की कारभारी गोंधळतो. पेटी बंद करून दहा-वीस सेकंदांनी पुन्हा चालू केली की सारे सुरळीत होते, याचे एक कारण हे की, वही कोरी होऊन काम नव्याने सुरू होते. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा असे करावे लागणे क्षम्य आहे. ते रोज करावे लागत असेल, तर तपासणीस बसलेच पाहिजे.

तपासणीचे पहिले ठिकाण बाहेरची वाहिनी. आता अनेक घरांत तांब्याच्या तारेऐवजी काचेचा केसासारखा बारीक तंतू येतो आणि त्यातून प्रकाशाच्या रूपाने संदेश वाहतो. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ साली मान्यता दिली. तीच योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. हा तंतू ज्या पेटीत शिरतो, तिच्यावर ‘एल. ओ. एस.’ अशा अक्षरांचा एक दिवा असतो. तो लाल झाला, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. येथे नवा राउटर आणून काडीचाही उपयोग नाही. आपण एवढेच पाहावे की तंतू कोठे कपाटामागे चेपला आहे काय, किंवा खिळ्याभोवती काटकोनात वळविला आहे काय. कारण काचेला तीव्र वळण मिळाले, तर प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या वेटोळ्यापेक्षा लहान वळण देऊ नये, हा सोपा नियम होय. तंतूचे टोक बोटाने पुसू नये आणि त्यात डोळा घालून तर मुळीच पाहू नये. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, परंतु अपाय करू शकतो. एवढे करूनही लाल दिवा जात नसेल, तर तक्रार सेवा देणाऱ्या कंपनीकडे करावी.

दुसरे ठिकाण वीज, आणि विदर्भात याची महती विशेष. राउटरला भिंतीतील वीज थेट मिळत नाही. एका काळ्या अडॅप्टरमार्फत ती बहुधा १२ व्होल्टपर्यंत उतरविली जाते. या अडॅप्टरच्या पोटात संधारित्र नावाची लहान नळकांडी असतात आणि त्यांत ओलसर रसायन असते. उष्णतेने ते हळूहळू सुकते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य अदमासे निम्मे होते, असा विद्युत्-तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली, बंद कपाटात ठेवलेल्या अडॅप्टरची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. त्यातच सायंकाळी घरोघरचे कूलर सुरू झाले की विजेचा दाब खाली येतो. थकलेला अडॅप्टर त्या क्षणी पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही आणि राउटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो. ‘दुपारी ठीक, रात्री आठनंतर बिघाड’ ही तक्रार ऐकली की पुष्कळजण कंपनीला बोल लावतात. रात्री एकाच वेळी सारे गाव इंटरनेट वापरू लागते, हेही कारण असू शकते. परंतु त्या वेळी राउटरवरचे सर्व दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर संशय अडॅप्टरवर घ्यावा.

अडॅप्टर स्वतंत्र मिळतो, आणि नव्या राउटरच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते. तो घेताना तीन गोष्टी जुन्याशी ताडून पाहाव्या : व्होल्ट तितकेच असावे; अँपिअर तितके किंवा त्याहून अधिक असावे; आणि टोकाच्या अधिक-उणे ध्रुवांची खूण तीच असावी. वीज वरचेवर जात असेल, तर राउटरपुरती छोटी बॅटरी मिळते, तीही घ्यावी. काचेच्या तंतूतून आकाशातील विजेचा प्रवाह वाहत नाही, परंतु घराच्या विद्युत्-जोडणीतून आणि तांब्याच्या टेलिफोन-तारेतून तो येऊ शकतो. सबब मृगाचे ढग गडगडू लागले की राउटरचा प्लग काढून ठेवावा. ही सवय फुकट आहे आणि तिने कित्येक यंत्रे वाचतील.

वाहिनी आणि वीज निर्दोष ठरली, म्हणजे पेटी व हवा या दोघांतील अपराधी कोण, हा प्रश्न उरतो. त्याचा निकाल लावण्यास तीन आकडे पुरे होतात. गती मोजण्याची साधने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. एकदा संगणक तारेने राउटरला जोडून गती मोजावी. दुसऱ्यांदा तार काढून, राउटरपासून चार-पाच हातांवर बसून मोजावी. तिसऱ्यांदा जेथून तक्रार येते त्या मागच्या खोलीत मोजावी. तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावे. मात्र एक खुलासा ध्यानात असू द्यावा. कंपनी जो वेग सांगते तो मेगाबिटमध्ये असतो आणि आपण उतरवून घेतो ती फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर दर सेकंदास साडेबारा मेगाबाइट मिळाले, तर कोणी आपल्याला फसविले असे नव्हे.

आता आकडे वाचू. समजा, जोडणी १०० मेगाबिटची आहे. तारेवर ९४, जवळ बसून ९० आणि मागच्या खोलीत ६ असे आकडे आले, तर राउटर ठणठणीत आहे. दोष हवेचा, म्हणजे जागेचा आहे. तारेवर ९४ आणि जवळ बसूनही २५ आले, तर राउटरचा बिनतारी भाग जुना आहे किंवा शेजाऱ्यांच्या लहरींनी गजबजला आहे. तारेवरच २० आले, तर संगणक क्षणभर कंपनीच्या पेटीस थेट जोडून पाहावा; तेथे पूर्ण वेग मिळाला तर आपला राउटर दोषी, न मिळाला तर दोष बाहेरचा. आणखी एक प्रकार मोठा गमतीचा आहे. जोडणी २०० मेगाबिटची घेतली, पैसे वाढीव भरले, तरी तारेवर आकडा ९४ च्या वर हलत नाही. याचा अर्थ असा की, जुन्या राउटरची तार जोडण्याची खोबणी १०० मेगाबिटांहून अधिक वाहूच शकत नाही, किंवा तारेतील एखादी जोडी तुटलेली आहे. तार बदलून पाहावी. तरीही आकडा तोच राहिला, तर येथे मात्र पेटी बदलणे रास्त होय. रुंद केलेल्या रस्त्याच्या शेवटी अरुंद पूल तसाच राहिला, तर रस्त्यावरचा खर्च वायाच जातो.

हवेचा विचार जरा विस्ताराने करावयास हवा. कारण घरबसल्या सुधारता येण्याजोगे दोष बहुतांशी येथेच असतात. रेडिओच्या मध्यम लहरी काही शे मीटर लांबीच्या असतात. भिंतीची त्या पर्वा करीत नाहीत. राउटरच्या लहरी फार आखूड. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहर सुमारे १२ सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील सुमारे ६ सेंटिमीटर. पहिली भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिचा वेग मर्यादित असतो. दुसरी वेगवान, पण जाड भिंतीपुढे दमते. धातूपुढे दोघीही परत फिरतात आणि पाण्यात दोघीही शोषल्या जातात. आता आपल्या शहापूरच्या घरात पाहू. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. तेव्हा घरात घासूनपुसून लखलखीत केलेल्या हंडे-घागरींची मांडणी असावयाचीच, आणि राउटरही शोभेसाठी नेमका त्याच फळीवर! शेजारी लोखंडी कपाट, खिडकीत पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर. लहरीने जावे तरी कोठून ? उन्हाळ्यात इंटरनेट मंदावते याचे कारण कित्येकदा एवढे साधे असते की, चैत्रात कूलर बाहेर निघाला आणि राउटर व मागची खोली यांच्यामध्ये येऊन बसला.

म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्यावर आणि हवेशीर ठेवावा. त्याच्या दांड्या उभ्या असाव्या; कारण लहरी दांडीच्या टोकातून नव्हे, तर तिच्या अंगातून चोहोबाजूंस आडव्या पसरतात. २.४ च्या पट्ट्यात भारताने २००५ साली परवान्याची अट काढून टाकली, त्यामुळे घरोघरचे राउटर, बिनतारी कॅमेरे, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी, सारे तेथेच दाटीवाटीने नांदतात. या पट्ट्यात परस्परांशी न भिडणारे मार्ग तीनच आहेत : १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे राउटर कोणत्या मार्गावर आहेत, हे मोबाइलवरील एखाद्या साधनाने पाहून आपण त्यातल्या त्यात मोकळा मार्ग निवडावा. जवळच्या खोलीत ५ चा पट्टा आणि दूरच्या खोलीत २.४ चा, अशी वाटणी केली की पुष्कळ भांडणे मिटतात. मागच्या खोलीपर्यंत लहर पोहोचतच नसेल, तर लहर पुढे ढकलणारे रिपीटर घेण्याचा मोह होतो. परंतु तेच यंत्र एकाच पट्ट्यावर ऐकते आणि तेच पुन्हा बोलते, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा भिंतीच्या कडेने एक तार मागच्या खोलीपर्यंत नेऊन तेथे दुसरा राउटर लावणे केव्हाही सरस. तार दिसावयास बरी दिसत नाही खरी, पण ती कोणाच्याही कूलरला भीत नाही.

येथवर मी जुन्या राउटरची वकिली केली. आता दुसरी बाजू मांडली पाहिजे. कारण गती उत्तम असूनही राउटर बदलणे कर्तव्य ठरते, असा एक प्रसंग आहे. राउटरच्या आत एक आज्ञावली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. तिच्यात काळाच्या ओघात उणिवा सापडतात आणि निर्माता सुधारलेली आज्ञावली देतो. काही वर्षांनी निर्माता त्या नमुन्याकडे पाठ फिरवितो. सुधारणा बंद होतात. राउटर मात्र चालतच असतो. कारभारी कामाला चोख आहे, पण दाराचे कुलूप मोडलेले आहे आणि ते पुन्हा कोणी बसविणार नाही, अशी ती अवस्था होय.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका दुष्ट आज्ञावलीने जगभरातील घरगुती कॅमेरे आणि राउटर आपल्या ताब्यात घेतले. तिची युक्ती अगदी साधी होती : कारखान्यात ठेवलेले, मालकांनी कधीही न बदललेले असे साठाच्या आसपास परवलीचे शब्द ती एकामागून एक लावून पाही. त्या यंत्रांच्या एकत्रित माऱ्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दुर्गम झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्या एका अवतारामुळे जर्मनीत सुमारे नऊ लक्ष ग्राहकांचे राउटर अडखळले. यंत्रांच्या मालकांना बहुतांशी याची गंधवार्ताही नव्हती. पुढे २०१७ साली, तेरा वर्षे विश्वासार्ह मानल्या गेलेल्या ‘डब्ल्यू. पी. ए. २’ या बिनतारी संरक्षणातही फट सापडली. ज्यांच्या यंत्रांना सुधारणा मिळत होत्या त्यांची ती बुजली. ज्यांच्या बंद झाल्या होत्या त्यांची तशीच राहिली. २०१८ साली ‘डब्ल्यू. पी. ए. ३’ हे नवे संरक्षण आले. ज्या घरातून निवृत्तिवेतनाचे पैसे हलतात आणि डॉक्टरांचे कागद येतात-जातात, त्या घराने हा विचार गतीच्याही आधी करावा.

यासाठी करावयाचे एवढेच : राउटरच्या तळाशी लिहिलेला नमुना-क्रमांक पाहावा, निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याची शेवटची सुधारणा केव्हाची आहे ते पाहावे, आणि मिळाली तर ती घालावी. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ परवलीचा शब्द बदलावा. वायफायचा शब्द वेगळा असतो, हा वेगळा असतो, हे विसरू नये. निर्मात्याने तो नमुना सोडून दिला असेल, तर गती कितीही चांगली असो, त्यास निरोप द्यावा.

एक धोक्याची सूचना. राउटरच्या पाठीवर टाचणीने दाबावयाचे एक बारीक छिद्र असते. ते बंद-चालू करण्याचे बटण नव्हे. ते दाबून धरले की यंत्र सारे विसरून कारखान्यातून निघाले तसे होते. कित्येक जोडण्यांत कंपनीने दिलेले वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द राउटरमध्ये भरलेला असतो. तोही पुसला जातो, आणि कारागीर येईपर्यंत घर अंधारात बसते. म्हणून ही माहिती आधी वहीत उतरवून ठेवावी, आणि फोनवरून दूरच्या आईवडिलांना ‘ते छिद्र दाबा’ असे सांगण्यापूर्वी दहादा विचार करावा.

नवा राउटर घ्यावयाचाच झाला, तर दांड्यांची संख्या मोजू नये. चार प्रश्न विचारावे. दोन्ही पट्टे आहेत काय ? तारेच्या खोबण्या १००० मेगाबिटच्या आहेत काय ? ‘डब्ल्यू. पी. ए. ३’ आहे काय ? आणि सुधारणा किती वर्षे मिळणार ? सहाव्या पिढीचे वायफाय सामान्य घरास भरपूर झाले. कंपनीची पेटी स्वतःच राउटरचे काम करीत असेल, तर दोन कारभारी एका दारात उभे करू नयेत. एकाने कारभार करावा आणि दुसऱ्याने केवळ लहरी पसरवाव्या, अशी योजना कारागिराकडून करून घ्यावी. जुन्यास अजून सुधारणा मिळत असतील, तर तारेने जोडून मागच्या खोलीचे काम त्याला द्यावे. मिळत नसतील, तर टाचणीने त्याची स्मृती पुसावी आणि तो भंगारात न टाकता विद्युत्-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून या कचऱ्याबाबत देशात नवे नियम लागू झाले आहेत.

श्रोतेहो, यंत्राचे वय वर्षांनी मोजण्याची आपली सवय आहे. राउटरच्या बाबतीत ते दोन कसोट्यांनी मोजावे : घरी येणारा वेग तो पूर्ण वाटू शकतो काय, आणि त्याच्या कुलपाची काळजी घेणारा कोणी मागे उभा आहे काय. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो दहा वर्षांचा असला तरी घरचा आहे. एकाचे जरी नकारार्थी असेल, तर तो काल घेतलेला असला तरी परका. मात्र हा निवाडा करण्यापूर्वी अडॅप्टर चाचपावा, तंतूचे वळण पाहावे, आणि पितळेची घागर जरा बाजूस सरकवून पाहावी.